मरणाऱ्याला दिलेली माफी

दिवाकर साळवे मेले नव्हते. नुसते मेले नव्हते एवढंच नाही, तर रविवारच्या मराठी उपासनेला कोरा आकाशी शर्ट घालून, केसांना तेल चोपडून, स्वतःच्या पायांनी चालत चर्चमध्ये शिरत होते. दुसऱ्या गीताचं शेवटचं कडवं चाललं होतं. पेटीवर बसलेल्या आल्हादचं लक्ष दाराकडे गेलं आणि त्याचं बोट भलत्याच पट्टीवर पडलं. सगळी मंडळी त्याच्यामागून खाली घसरली आणि कशीबशी पुन्हा वर चढली. आल्हादची थोरली बहीण कुंदा एरवी साऱ्या बायकांच्या वरताण गायची. ती मात्र मध्येच थांबली आणि गीतांचं पुस्तक मिटून खाली बसली.

बसणारच. महिन्याभरापूर्वी तिनं याच माणसाला शेवटचा निरोप दिला होता, तोही चांगला डोळ्यांत पाणी आणून.

कुंदा हिवाळे हिला कांचघर वस्तीत कुणी कुंदा म्हणत नाही. सगळे तिला सिस्टर म्हणतात. आजोबा नगरकडून रेल्वेच्या नोकरीला जबलपूरला आले, तेव्हापासून हिवाळ्यांचं घर इथलंच. घरात मराठी, दारात हिंदी आणि देवाशी बोलायचं तर पुन्हा मराठी, अशी त्या घराची जुनी वाटणी. कुंदानं लग्न केलं नाही. सरकारी इस्पितळातल्या वॉर्डांत तिचं आयुष्य गेलं आणि ते मजेत गेलं असं ती सांगे. ती निवृत्त झाली, पण गल्लीनं तिला निवृत्त होऊ दिलं नाही. कुणाचं इंजेक्शन, कुणाचं ब्लडप्रेशर, कुणाच्या सुनेचे दिवस भरलेले, सगळ्यांची वाट सिस्टरच्या ओट्यावरून जाई. तिच्या हाताला गुण होता आणि तिच्या नजरेचा दरारा होता. रोग्याच्या उशाशी उभी राहून तिनं एकदा मान हलवली, की घरची माणसं लांबच्या नातेवाइकांना फोन लावायला घेत. तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

दिवाकरभाऊंच्या बाबतीत तो चुकला आणि तिथून सगळी भानगड झाली.

त्याचं असं झालं. दिवाकरभाऊ मागच्याच गल्लीत राहतात. फॅक्टरीतून निवृत्त झालेले, विधुर, मंडळीत पुढे-पुढे करणारे. पावसाळा सरता-सरता त्यांना न्यूमोनिया झाला, एका इस्पितळात आठवडाभर ठेवलं आणि तिथल्या डॉक्टरांनी घरी नेऊन सेवा करा असं सांगितलं. या सांगण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मग दिवाकरभाऊंनी एकेकाला बोलावून माफी मागायला सुरुवात केली. त्यांच्या अंगणात अक्षरशः रांग लागली होती. एका बाईंच्या पेरूच्या झाडाची फांदी त्यांनी रागानं तोडली होती, एकाचं नाताळातलं एकट्यानं गायचं गीत स्वतःच्या पुतण्याला दिलं होतं, आल्हादची बांबूची शिडी नेऊन ती आपलीच असल्याचं वर्षानुवर्षं सांगितलं होतं. मरणाऱ्या माणसापुढे फांदी काय आणि शिडी काय. सगळ्यांनी सढळ हातानं माफ केलं आणि डोळे पुसत चहा पिऊन घरी गेले.

संध्याकाळी त्यांची मुलगी मेघना कुंदाकडे आली. दारातच उभी राहून ती म्हणाली, "मावशी, पप्पा तुमचं नाव घेऊन राहिले. सकाळपासून. चला न."

कुंदा त्या घराची पायरी कितीतरी वर्षांत चढली नव्हती. याला कारण होतं. पंचविशीत तिला नागपूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेत गार्ड, माणसं सालस, पसंती झालेली, नुसती साखर वाटायची राहिलेली. मग एकाएकी निरोप आला की नको. दोन महिन्यांनी त्याच मुलाचं लग्न दिवाकर साळव्यांच्या धाकट्या बहिणीशी झालं. कुंदाला फिट येतात, असं नागपूरकरांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं. कुणी घातलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडानं कुणी बोललं नाही, कारण चर्च लहान आणि मराठी बोलणारी घरं त्याहून कमी. एकमेकांशिवाय कुणाचं चालणार होतं? त्यानंतर कुंदाला स्थळच आलं नाही. फिट हा शब्द स्थळांच्या आधी घरोघर पोहोचलेला असायचा.

तरी ती गेली. नर्सला बोलावणं आलं की पाय आपोआप निघतात. खाटेवर दिवाकरभाऊ चिपाडासारखे पडलेले. तिनं नखं पाहिली, पाय हातानं चाचपले, श्वास ऐकला आणि मनात म्हणाली, हा सकाळ बघत नाही. त्यांनी तिचा हात धरला. "कुंदा, माफ कर मला," एवढंच ते म्हणाले. वॉर्डात हजार हात तिनं असे धरलेले होते. जन्मभराचा राग त्या घटकेला तिला जड वाटला, आणि हा माणूस गेल्यावर तो घेऊन आपण कुठं हिंडणार, असंही वाटलं. "माफ केलं, भाऊ. शांतीनं जा," ती म्हणाली आणि रडली. बाहेर आल्यावर तिनं मेघनाला जवळ घेतलं आणि मान हलवली.

मेघना मात्र हट्टी पोरगी. उजाडल्याबरोबर तिनं बापाला अँब्युलन्समध्ये घातलं आणि अधारताल भागातल्या एका तरुण डॉक्टरकडे नेलं. म्हाताऱ्याला शेवटच्या घडीला कशाला त्रास देतेस, असं सिस्टरसकट सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्या डॉक्टरनं औषध बदललं, रक्तातलं मीठ कमी झालं होतं ते भरून काढलं आणि चौथ्या दिवशी दिवाकरभाऊंनी उठून बसून पोहे-जिलेबी मागितली.

कांचघरात आनंद झाला. खोटं कशाला बोला, झालाच. पण त्या आनंदात एक कुसळ होतं. ज्यांनी-ज्यांनी माफ केलं होतं ते एकमेकांकडे पाहून कसनुसं हसत होते. पेरूवाल्या बाई म्हणाल्या, की आम्हाला वाटलं आता हे काय पेरू खाणार आहेत. आल्हाद जास्त दुःखी होता. "ताई, आता शिडी परत मागता येणार नाही," तो म्हणाला. "आपण तर पूर्ण माफ करून बसलो." कुंदा हसली खरी, पण आपलंही तसंच झालं आहे हे तिला ठाऊक होतं.

तर असे ते दिवाकरभाऊ आकाशी शर्टात चर्चमध्ये आले. बरं, येऊन गप्प बसावं की नाही? गीत संपल्यावर त्यांनी साक्ष द्यायची परवानगी मागितली. पुढे उभे राहून प्रभूनं आपल्याला मरणाच्या दारातून कसं ओढून आणलं ते त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. ते ऐकून बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग ते म्हणाले की देवानं माझी पाटी कोरी केली, आणि आमच्या कुंदा सिस्टरनंसुद्धा मागचं सगळं माफ केलं, तिचे उपकार आहेत.

साऱ्या माना कुंदाकडे वळल्या. जुन्या बायकांना सगळं आठवलं, नव्या सुनांना काहीच ठाऊक नव्हतं म्हणून त्या जास्त बघू लागल्या. कुंदाचे कान तापले. तिला वाटलं, उठावं आणि या माणसाला पुन्हा खाटेवर नेऊन निजवावं. असा विचार आला याची लगेच शरमही वाटली.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. आधी मंडळी एकमेकांचे हात हातात घेऊन शांती देतात, मग वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून प्रभूची भाकर आणि द्राक्षरस घेतात. भावाविषयी मनात काही ठेवून इथं येऊ नये, आधी जाऊन समेट करावा, हे कुंदा लहानपणापासून ऐकत आली होती. आजवर तिला त्याची अडचण पडली नव्हती. दिवाकरभाऊ पुरुषांच्या बाजूला बसत, ती बायकांच्या. हात मिळवायची वेळ येत नसे, आणि राग इतका जुना झालेला की तो राग आहे हेच ती विसरून जाई. आज तो ताजा होऊन समोर आकाशी शर्ट घालून उभा होता. रांग पुढे सरकली. कुंदा बाकावरून उठली नाही.

कुंदा सिस्टर कठड्यापाशी गेली नाही, ही बातमी दुपारच्या जेवणाआधी गल्लीत पोहोचली.

मंगळवारी पाळकसाहेब स्कूटरवरून आले. सुमेध त्यांचं नाव. वय असं की कुंदानं त्यांना लस टोचलेली असू शकेल. मराठी त्यांना समजे, पण बोलताना हिंदीकडे घसरत. कुंदानं त्यांच्यापुढे शंकरपाळे ठेवले आणि ते विचारायच्या आत स्वतःच सगळं सांगून टाकलं. फसवणूक कुणी केली नाही, ती म्हणाली, चूक माझीच आहे. हा माणूस मरणार असं समजून मी माफ केलं. मरणाऱ्याला दिलेली माफी जगणाऱ्याला लागू होते काय, एवढंच मला सांगा. मनातून माफ झालेलं नसेल तर मी कठड्यापाशी येऊन गुडघे टेकणार नाही. आणि कठड्यापाशी न जाता मरायची माझी इच्छा नाही.

पाळकसाहेबांना आधी हसू आलं. मग त्यांनी पाहिलं की ही बाई थट्टा करत नाही. दिलेली क्षमा परत घेता येत नाही, ते म्हणाले. देव आपल्याला माफ करतो तेव्हा आपण पुढे कसे वागू हे पाहून करत नाही. कुंदाला ते पटलं. तशी ती सरळ बाई. ठीक, माझ्या वाटणीची दिली ती दिली, असं ती म्हणाली. पण मग तिनं आपल्या आईचं नाव काढलं. त्या एका शब्दानं आईचंही आयुष्य पोखरलं गेलं, आणि आई तर आता नाही. तिच्या वाटणीची माफी कोण देणार?

"परमेश्वर देईल, सिस्टर. न्याय पण त्याचाच आहे. आपण जज नाही बनायचं."

"मी कुठं जज बनून राहिले? मी साक्षीदार आहे," कुंदा म्हणाली. "केस चालली, निकाल लागला, आरोपी सुटून नवा शर्ट घालून आला. आणि साक्षीदाराला कुणी बोलावलंच नाही. परमेश्वरानं माफ करताना आईला विचारलं असेल काय?"

पाळकसाहेबांनी एक शंकरपाळा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. सेमिनरीत त्यांना पुष्कळ शिकवलं होतं, त्यातलं त्यांनी मनातल्या मनात चाळून पाहिलं असावं. शेवटी ते म्हणाले, "सच बोलू? मला नाही माहीत." कुंदाला त्यांच्याविषयी त्या दिवशी पहिल्यांदा आदर वाटला. जाताना स्कूटरला किक मारता-मारता त्यांनी एकच विचारलं, की हे आईचं तुम्ही दिवाकर अंकलना कधी सांगितलं आहे काय? तिनं सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी खाटेवर त्यांनी तरी कुठं म्हटलं होतं की माफी कशाची? त्यांनी न सांगता मागितली आणि हिनं न विचारता दिली, असा तो सौदा झाला होता.

पुढे दोन दिवसांनी दिवाकरभाऊ आपणहून आले. मेघनानं त्यांना स्कूटीवरून दारात सोडलं. हातात कमानिया गेटजवळची, गावभर नावाजलेली खव्याची जिलेबी, अजून गरम. आल्हाद जिलेबी पाहून खूश झाला, पण बहिणीचा चेहरा पाहून पेटी पुसायला आतल्या खोलीत गेला. दार मात्र त्यानं उघडं ठेवलं.

लोक मला विचारून राहिले की कुंदा काहून आली नाही, असं दिवाकरभाऊंनी सुरू केलं. त्यांच्या बोलण्यात थोडा रुसवाही होता. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाचं कौतुक व्हायला हवं, ते सोडून हे काय, असा. कुंदानं पाणी दिलं, पंखा लावला आणि समोर बसली.

"भाऊ, त्या दिवशी तुम्ही माफी कशाची मागितली होती?"

सगळ्याचीच, ते म्हणाले. सगळ्याची म्हणजे? ते जुनं, नागपूरचं. नागपूरचं काय? दिवाकरभाऊंनी जिलेबीच्या पुड्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. कुंदा घाई करत नव्हती. पोटात दुखतं म्हणणाऱ्याला नेमकं कुठं दुखतं ते विचारत बसायची तिला सवय होती. अखेर त्यांनी सांगितलं. मुलीला फिट येतात, असं आपणच नागपूरकरांना म्हणालो होतो. पण अगदीच हवेतून नाही, एवढं त्यांनी लगेच जोडलं. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेच्या उपासनेत, भर चर्चमध्ये तू पडली होतीस की नाही?

"उपाशी होते, भाऊ. मे महिन्यासारखं ऊन होतं आणि तीन तासांची उपासना. चक्कर आली. तुम्हीच पाणी शिंपडलं होतं माझ्या तोंडावर."

"हो," ते म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "बहिणीचं वय निघून चाललं होतं, कुंदा."

ते कुंदाला केव्हाच कळलं होतं. वॉर्डात बायकांची दुःखं ऐकता-ऐकता एक दिवस तिला हेही कळून गेलं होतं. तसं तिनं सांगितलंही. तुमचं मरण जवळ आलंय असं समजून मी माफ केलं, ती म्हणाली. तुम्ही जगलात ही माझ्या अंदाजाची चूक, तिचा भुर्दंड तुमच्यावर कसा टाकू? माझं मिटलं. पण आईचं राहिलं आहे.

"काकूंचं काय?"

तेव्हा कुंदानं सांगितलं. आवाज न चढवता, वॉर्डात एका पाळीची नर्स दुसरीला रोग्याचं सांगते तसं. नागपूरचा निरोप आला त्या दिवसापासून आईला खरंच वाटू लागलं की पोरीला फिट येतात. हातातून चमचा पडला तरी आईचा चेहरा पांढरा पडायचा. फिट आली तर हुंगवायला म्हणून रोज रात्री ती कुंदाच्या उशाशी एक कापलेला कांदा वाटीखाली झाकून ठेवायची. रात्रपाळी असली तर डब्यात कांदा बांधून द्यायची. वॉर्डातल्या पोरी विचारायच्या, सिस्टर, तुमच्या भाजीत कांदा कमी पडतो काय. इथं कुंदा हसली, दिवाकरभाऊही हसले आणि मग दोघंही हसायचं थांबले.

"मी नर्स, भाऊ. मी रोज तिला सांगत होते की हे खोटं आहे. तिला पटत नव्हतं. दिवाकर प्रार्थना चालवतो, तो देवाच्या घरचा माणूस, तो काहून खोटं बोलेल, असं म्हणायची. गेली तेव्हा प्रभूचं नाव नाही घेतलं तिनं. आल्हादला म्हणाली, हिला एकटी निजू देऊ नको."

आतल्या खोलीत पेटी पुसण्याचा आवाज थांबला होता.

दिवाकरभाऊंचा चेहरा त्या संध्याकाळी खाटेवर होता त्याहून वाईट झाला. कुंदाचा हात सवयीनं त्यांच्या नाडीकडे गेला, तो तिनं मागे घेतला. त्यांनी विचारलं, की मग आता काकूंची माफी मी कोणाकडे मागू? ते मला ठाऊक नाही, कुंदा म्हणाली. पाळकसाहेबांनाही ठाऊक नाही. माझ्या पदरात होतं ते मी देऊन बसले, आईच्या पदरातलं माझ्याकडे नाही. दिवाकरभाऊ उठले. मेघनाला फोन करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, ते चालतच गेले. कुंदा ओट्यावर उभी राहून ते गल्लीच्या वळणापर्यंत नीट पोहोचतात की नाही ते पाहत राहिली, आणि वळण ओलांडल्यावर तिला मोकळं वाटलं. मग आल्हाद बाहेर आला आणि जिलेबी गार व्हायच्या आत खायला पाहिजे असं म्हणाला. दोघांनी मिळून अर्धा पुडा संपवला. काही झालं तरी ती कमानिया गेटची होती.

दोन नोव्हेंबरला कबरींचा दिवस. सकाळच्या कोवळ्या उन्हात कब्रस्तान जत्रेसारखं भरतं. कुणी गवत उपटतंय, कुणी चुन्याची बादली घेऊन आलंय, पोरं मेणबत्त्यांवरून भांडताहेत, थर्मासमधला चहा फिरतोय. मेलेल्यांनाही त्या दिवशी जरा बरं वाटत असेल. कुंदानं पदर खोचून आईच्या कबरीवरचा पालापाचोळा काढला. आल्हाद चुना कालवत होता आणि कालवण्यापेक्षा शर्टावर जास्त उडवत होता.

पाळकसाहेबांनी सगळ्यांना जागच्या जागी उभं राहायला सांगून प्रार्थना केली. मग नेहमीप्रमाणे विचारलं, की आपल्या माणसांच्या आठवणीत कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत काय? दरवर्षी या वेळी दोघं-तिघं बोलतात. दिवाकरभाऊ आपल्या बायकोच्या कबरीपाशी मेघनाच्या शेजारी उभे होते. ते हललेले पाहून लोकांना वाटलं, आता आजारपणाची साक्ष पुन्हा ऐकावी लागणार. पण ते बायकोच्या कबरीपासून निघाले. कबरींमधल्या अरुंद वाटेनं, दगडांचा आधार घेत, ते हिवाळ्यांच्या कबरीपर्यंत आले आणि मार्थाबाई हिवाळे असं कोरलेल्या दगडापुढे उभे राहिले. कुंदाकडे त्यांनी पाहिलं नाही.

साक्षीच्या वेळचा खणखणीत आवाज आज नव्हता, पण कब्रस्तान इतकं गप्प झालं होतं की शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

"मार्थाकाकू, मी दिवाकर. तुमच्या कुंदाला फिट कधीच येत नव्हत्या. मी खोटं बोललो होतो. माझ्या बहिणीचं जमावं म्हणून बोललो. पोरगी तुमची धडधाकट होती, काकू. तुम्ही काळजी करू नका."

पुढे काही बोलायचं होतं बहुतेक, ते त्यांना जमलं नाही. कुणी आमेन म्हटलं नाही. मंडळीतल्या जुन्या बायकांनी, ज्यांनी त्या काळी तो शब्द घरोघर नेला होता, खाली पाहिलं. कुंदाला वाटलं होतं की असं काही झालं तर आपल्याला आनंद होईल. आनंद झाला नाही. आई आणखी थोडी जगायला हवी होती, एवढंच तिला वाटलं, आणि तिला रडू आलं. ते तिनं लपवलं नाही. आल्हादनं चुन्याचे हात तसेच तिच्या खांद्यावर ठेवले.

पाळकसाहेबांनी हलकेच गीत सुरू केलं आणि लोक आपापल्या कबरींकडे वळले. पोरं पुन्हा भांडू लागली. दिवाकरभाऊ मात्र तिथंच उभे होते. दगडाकडे पाहत होते, जणू तिकडून काही उत्तर यायचं होतं. मेघना त्यांना न्यायला आली, तिला त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

थोड्या वेळानं त्यांनी कुंदाला विचारलं, "काकू काय म्हणाल्या असत्या?"

"मला नाही माहीत, भाऊ," कुंदा डोळे पुसून म्हणाली. "आईला एकदम काही पटत नव्हतं. विचार करून राहिली असेल." मग ती म्हणाली, की रविवारी आपण कठड्यापाशी भेटू, मी येणार आहे. पण आईचं मला पुन्हा विचारू नका.

त्यांनी मान डोलावली. कुंदानं कुंचला चुन्यात बुडवला आणि उशाच्या बाजूनं रंगवायला सुरुवात केली. ती रंगवत-रंगवत पायथ्याशी आली तरी ते तसेच हात जोडून उभे होते. ऊन चढलं होतं आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. तिनं त्यांना जरा उजवीकडे, कडुनिंबाच्या सावलीत सरकायला सांगितलं. घरी जायला सांगितलं नाही.